वज्री

मोरगावला पुन्हा पोचलो आणि फेरी मिटली.
एकोणतीस दिवस, आठ गणपती, चपलांचे तीन जोड.
लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर उजव्या गुडघ्यात
काहीतरी कट् झालं होतं, ते अजून तसंच.
देवळाच्या पायरीवर बसून राहिले
आता काहीतरी वाटेल म्हणून.
जाऊबाईंनी विचारलं, "झालं का?"
म्हटलं, "झालंच असणार."

मग स्वारगेटची एसटी, अर्धं तिकीट.
गंगाखेड डेपोत चोवीस वर्षं
मी अशाच गाडीत उभी होते,
काखेत पैशाची पिशवी, बोटांना शाई.
आज खिडकीशी बसले.
हातातलं संत्रं संपायच्या आत सासवड मागे गेलं
आणि मला रस्त्याचा राग आला,
इतक्या पटकन कशाला संपतोस?

परभणीची गाडी रात्री नवाला.
तोवर पुणं.

शनिवारवाड्याच्या दाराचे खिळे
जाऊबाईंनी मोजायला घेतले, चाळीसला चुकल्या.
हत्तीनं टक्कर मारू नये म्हणून, कुणी सांगितलं.
आठ गावांत हत्तीच्या तोंडापुढं हात जोडून आलेल्या आम्ही,
एकमेकींकडं बघितलं.
"मंग आला होता का हत्ती?"
ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
आत नुसती जोती, हिरवळ,
आणि सेल्फी काढणारी एक नवी नवरी.
"सैपाक कुठं करायची ही माणसं?"
जाऊबाई एका चौथऱ्यावर टेकल्या,
तोच चुलीचा असावा असं ठरवून.

बाहेर रिक्षावाल्यानं मान हलवली,
"संग्रहालय? जवळच आहे. चालत जा की."
आम्ही इतक्या हसलो
की त्यानं मीटरच खाली पाडला.
तरी गेलो चालतच.

दिवे, अडकित्ते, गंजिफा, खिडक्यांच्या चौकटी.
एका दालनात काचेमागं
पितळेची एवढीशी वस्तू,
वर मोर, खाली खरखरीत पोट.
वज्री, पाय घासण्यासाठी.
कुणाच्या टाचा असतील त्या,
ज्यांना मोर लागायचा.

माझी आई गोदेच्या घाटावर
फुटक्या रांजणाच्या खापरीनं घासायची पाय,
आधी तिचे, मग माझे,
मी ओरडले की जास्तच जोरात.
खापरी पुन्हा दगडाच्या फटीत ठेवायची,
पुढच्या बाईसाठी.

मी काचेवर हात कधी ठेवला, कळलं नाही.
"ओ ताई, हात!" राखणदार आला.
खिशावर नाव होतं, धुमाळ.
मग तो खाली बघत राहिला.
आमच्या टाचा: काळ्या भेगा,
त्यांत रांजणगावची, पालीची, थेऊरची माती,
कुठली कुठं ते आता सांगता येणार नाही.
काही विचारलं नाही त्यानं.
कोपऱ्यातलं स्वतःचं स्टूल आणून
काचेसमोर ठेवलं
आणि पाठ करून उभा राहिला
जणू त्याला मागचं काही दिसत नाही.
एकाच स्टुलावर आम्ही दोघी, अर्ध्या अर्ध्या.

मोरगावला जे वाटायचं राहिलं होतं
ते इथं वाटलं असं म्हणणार नाही.
पाय मात्र दुखायला लागले,
एकोणतीस दिवसांत पहिल्यांदा नीट, मनासारखे.

तुळशीबागेत वीस रुपयांना मिळाली,
गुलाबी प्लास्टिकची, मोराबिराशिवाय.
जाऊबाईंनी ती तळहातावर घासून बघितली,
पिशवीत तळाशी टाकली.
"घरी गेल्यावर. इतकी माती
गावापस्तोर येऊ दे संगं."

रात्री नगरच्या पुढं कधीतरी
डोळा लागला, पाय वाटेत पसरले.
कंडक्टर पोरगा पंचविशीचा,
अंधारात अडखळला, म्हणाला,
"मावशी, पाय आत घ्या."
चोवीस वर्षं मी किती जणांना म्हटलं असेल.
पाय आत घेतले.