व्हॉल्व्ह

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागं नळी काढली,
मूत्रमार्ग. तिच्यावर गाठीचा ठिपका.
"इथून कापलं तर बरंच वाचेल,
पण गाठ परत येऊ शकते.
इथून कापलं तर बहुतेक सगळी निघेल.
मग वाट खालून काढू.
लघवी बसून करावी लागेल."
पेनाला टोपण लावलं.

बत्तीस वर्षं लातूरच्या गल्ल्यांना पाणी सोडलं मी,
लोखंडी चावी खांद्यावर.
सडका पाइप वीतभर जास्तच कापावा,
हे नव्या पोरांना मीच शिकवलं.
आणि म्हटलं काय, तर
सोमवारी सांगतो.

बार्शी रोडला त्या भिंतीपाशी,
"येथे लघवी करू नये" लिहिलेल्या,
चारपाच जण पाठमोरे उभे.
मी उगाच थांबून बघत राहिलो.

केवळबाईनं कागद आधी उलटा धरला.
"जास्त जगायचं कुठल्यात?"
खालच्या रेघेवर बोट ठेवलं मी.
"आन् बसायचं म्हणून तोंड पाडून बसलाव व्हय?
मी जलमभर बसूनच करते."

शनिवारीच गेलो.
सही करताना एवढंच विचारलं,
चावी किती दिवसांनी उचलता येईल?
आमच्या गल्लीचं पाणी
आठव्या दिवशी असतं.