कप्पी

आमच्या खिडकीपासून समोरच्या इमारतीपर्यंत
एक तार जाते, दोन कप्प्यांवरून.
ओढली की कपडे हवेत चालू लागतात
खालच्या अक्रोडावरून, डॉमिनो खेळणाऱ्यांवरून,
आणि कप्पी अशी कुरकुरते
की सगळ्या रुस्तावीला कळावं,
ओतारने आज चादरी धुतल्या.

मी पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचो.
बारा टनांची बादली, आत उकळतं लोखंड,
खाली गुराम उभा, हाताने खुणा करत:
आण, आण, थोडं डावीकडे, बस्स.
माझा हात कधी हलला नाही.
तो हलला
नुत्साच्या आतल्या कपड्यांना
पहिल्यांदा चिमटा लावताना.

मझिया इटलीत आहे, तीन वर्षं झाली.
तिथल्या एका म्हाताऱ्याला आंघोळ घालते, भरवते,
त्याच्या मुलांना वेळ नसतो.
माझी आई इथे, आतल्या खोलीत.
तिला मी आंघोळ घालतो.
कोण कुणाची पाठ चोळतं
आणि कुठल्या देशात,
याचा हिशेब मी सोडून दिलाय.

पहिल्याच महिन्यात त्सिउरी दुसऱ्या मजल्यावरून ओरडली,
"घरात मुलगी नाही का रे?"
आहे. तिची परीक्षा होती.
गुरामने ठोकळा आपटला,
"बायकोने कमवायचं, नवऱ्याने पिळायचं!"
सगळे हसले. मीही हसलो.
हसायला हात लागत नाहीत,
ते पिळत राहिले.

पण तेव्हापासून अंधार पडल्यावर वाळत घालू लागलो.
कप्पीला सूर्यफुलाचं तेल,
चिमटे दातांत, दिवा बंद,
आपल्याच घरात घुसलेल्या चोरासारखा.
छप्पन्नाव्या वर्षी माणूस काय काय लपवतो.
लिफ्टचं नाणं खिशात नसलं
की जिन्यात मध्येच फोन बघत उभा राहतो,
कुणाचा फोन नसतो, नुसता दम लागलेला असतो.
औषधाच्या डबीवरची अक्षरं
हात लांब करकरून वाचतो
आणि म्हणतो, काय फालतू छापतात हल्ली.

रविवारी मझियाचा व्हिडिओ कॉल येतो.
मला वाटलं, दाखवावी तिला तार,
शर्टांची रांग, बाह्या खाली, सगळ्या एका मापाच्या.
ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली,
"असं उजेडात नको रे, लोक बघतात.
नुत्साला सांगत जा."
तिच्या मागे कुणा परक्या माणसाचं स्वयंपाकघर,
परक्या माणसाचा पायजमा
खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला.

मी काही बोललो नाही.
अठ्ठावीस वर्षं ती याच खिडकीतून
अर्धी बाहेर वाकून कपडे घालायची,
जानेवारीत बोटं फुटायची तिची,
तेव्हा कुणीच वर बघत नव्हतं.
मीसुद्धा नाही. मी त्या बाकावर होतो,
आणि माझा डाव बरा चालला होता.

काल तेल वांगी तळण्यात संपलं.
आईने रात्री गादी ओली केली,
चादर थांबणार नव्हती संध्याकाळपर्यंत.
सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात,
मी तार ओढली
आणि कप्पी अशी किंचाळली
की अक्रोडावरचे कावळे उडाले.

बाकावरची सगळी डोकी वर झाली.
त्सिउरी खिडकीत आली, मग तिची सून.
चादर बरोबर गुरामच्या डोक्यावर जाऊन अडकली,
दोन थेंब पडले त्याच्या डावावर.
तो उठला. मी जबडा आवळला.
त्याने कपाळावर हात धरून वर पाहिलं,
बराच वेळ.
मग दुसरा हात वर केला,
बोटांनी खूण केली: आण, आण,

थोडं डावीकडे.
बस्स.