दाखल-खारीज

कपाटाची किल्ली सरळ फिरत नाही,
आधी दार गुडघ्यानं उचलावं लागतं,
हे गुल्हाने गुरुजींनी मला सहावीत दाखवलं होतं.
आज त्याच कपाटापुढे मी, मुख्याध्यापक.
बाकावर माझी बहीण,
चप्पल दाराबाहेर काढून.

"दाखला पायजे. आधारावर माहं वय चुकलं म्हणते.
मी तं तुह्याच शाळेत होतो ना तीन वर्सं?"

तुह्या शाळेत.
म्हणजे शाळा माझी, ती पाहुणी.

रजिस्टर उघडलं की वाळवीची माती सांडते.
गावातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली.
गुरुजी हात डोक्यावरून घ्यायला लावत,
बोटं पलीकडच्या कानाला टेकली की सहा पूर्ण,
नाही टेकली तर "ये पुढच्या पोयाले."

चारशे बारा: पंचफुला देवमन ढोके.
इयत्ता तिसरी. प्रगती बरी. वर्तणूक चांगली.
शाळा सोडल्याचे कारण: घरगुती अडचण.
तीन जुलै, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

पाच पानं पुढे
चारशे एकोणसत्तर: नीलकंठ देवमन ढोके.
दाखल, तीन जुलै.
तीच शाई, तोच तिरका तीन.

मला तो दिवस आठवत नाही.
आठवते तिची पाटी, एक कोपरा फुटलेली,
तो कोपरा त्यानंतर माझ्या बोटाला लागायचा.
बाबा गावाची ढोरं राखायचा, माय निंदणाला,
धाकटा ज्ञाना चार महिन्यांचा.
घरी कोणीतरी लागेल, हे वाक्य
आमच्याकडे कोणी कधी बोललं नाही.
बोलावं लागलंच नाही.

शाळेच्या खिडकीला दोनच गज होते.
ज्ञानाला कडेवर घेऊन ती बाहेर उभी राहायची.
औटकीला वर्ग अडला, पाच औट किती,
की बाहेरून यायचं, साडेसतरा.
गुरुजी खिडकीकडे बघत नसत.
बघितलं असतं तर हाकलावं लागलं असतं.

रात्री चुलीपुढे ती विचारायची, आज काय शिकवलं?
सत्काराच्या भाषणात मी सांगतो,
ती माझी पहिली विद्यार्थिनी.
टाळ्या पडतात.
खोटं आहे ते. ती शिकत नव्हती,
वसुली करत होती.
एक शब्द कमी भरला
तर भाकर हातातच धरून ठेवायची.

डी.एड.चा निकाल सांगायला तिच्या सासरी गेलो,
ती तुरीच्या शेंगा सोलत होती.
"पास?" म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली.

मूळ नोंदीत खाडाखोड करता येत नाही, असा नियम आहे.
जसंच्या तसं उतरवलं. शिक्का मारला.
तिनं कागद लांब धरला, बोट ठेवत ठेवत वाचला,
प्रगतीपाशी थांबली:
"बरी? चांगली नाही लिवलं बुढ्यानं?"
मग पुढे. घर-गु-ती. अड-चण.
"हे अडचण म्हंजे तू होय का रे, नीलू?"
आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली
की दुसरीची पोट्टी दारात येऊन उभी राहिली.

मला हसता आलं नाही.
टेबलावर चौथीची हजेरी उघडी होती,
दुर्पता आत्रामच्या नावापुढे
सोमवारपासून गै, गै, गै.
"हे काय होय?"
सांगितलं. पोडावरची पोरगी. माय कापूस वेचायला.
घरी सहा महिन्यांचं लेकरू.

दाखला तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातला,
पिशवीला गाठ मारली.
"चाल. काढ गाडी."

पऱ्हाटीतून पांदण, पांदणीत गिट्टी,
माझ्या खांद्यावर तिचा हात, कडक.
पोडाच्या पहिल्या कुडापाशी ती उतरली.
"मी बोलतो तिच्या मायसंग.
तू मास्तर हायस. तू गाडीवरच थांब."

मी गाडीवरच थांबलो.