सोयाबीनची धूळ

रोनेल हॅकबार्थच्या मागे बसून
मी सोळा वर्षं पेडल-स्टील वाजवली.
मागे म्हणजे डावीकडे, जरा अंधारात,
तिच्या मानेवरचा घाम दिसेल एवढ्या अंतरावर.
म्हणून गाताना तिचा चेहरा कसा व्हायचा
हे मला विचारू नका.
मान विचारा.

बाप तिचा इलिनॉयमध्ये, धान्याच्या कोठारावर, काट्याला.
ट्रक यायचे, वजन व्हायचं, ट्रक जायचे.
ती सांगायची, गाणं मी तिथंच शिकले :
भरलेल्याचं वजन घ्यायचं, मग रिकाम्याचं,
उरेल ते लिहायचं.

पहिली रेकॉर्ड आम्ही पिओरियाजवळ
एका बंद पडलेल्या लाँड्रीत केली.
तीन दिवस. भिंतींतून इस्त्रीचा वास गेला नव्हता.
ऑर्विननं ड्रममध्ये बायकोची उशी कोंबली
आणि परत न्यायला विसरला,
त्यावरून घरी वाजलं ते वेगळंच.

कंट्रीवाल्या रेडिओनं कळवलं, आवाज फार खरबरीत.
रॉकवाल्यांनी कळवलं, फार गावठी.
मग कुणीतरी आमच्यासारख्यांसाठी
एक निराळा कप्पा काढला, त्याला नाव दिलं,
मासिकंसुद्धा निघाली.
रोनेल म्हणाली, बरं झालं,
आपल्याला कुठं कुठं घेतलं नाही
ते आता एका शब्दात सांगता येईल.

व्हॅनचा आकडा दोन लाख सत्त्याऐंशी हजारांवर अडकला
तो कायमचा.
पुढचे मैल कुणी मोजलेच नाहीत.
आयोवा, नेब्रास्का, पुन्हा आयोवा.
एका बारमध्ये अकरा माणसं,
त्यातली चार बोलिंगचा पट्टा मोकळा व्हायची वाट बघणारी.
अकरांसाठीही ती तितकंच जीव ओतून गायची
असं मी म्हणणार नाही.
कधी चिडून कडवं गाळायची,
कधी तार लावायचं सोंग करत
पाठ फिरवून उभी राहायची. तेव्हा मला चेहरा दिसायचा,
पण तो गातानाचा नसायचा.
सू सिटीत एकदा तिनं माझे पैसे बुडवले.
मी ते विसरलो नाही. तीही नाही.
दर नाताळला पाकिटातून वीस डॉलर यायचे,
चिठ्ठी नसायची.

मग नॅशव्हिलच्या एका मोठ्या गायिकेनं
तिचं गाणं घेतलं.
त्यात एक ओळ होती,
कापणीच्या दिवसांत बापाच्या पापण्यांवर बसणाऱ्या
सोयाबीनच्या धुळीची.
तिकडून फोन आला. माणूस अदबीचा होता.
म्हणाला, सोयाबीन जिभेला अडतं हो,
चांदण्यांची धूळ चालेल का?
रोनेल फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली,
बोट पांढरं होईपर्यंत.
म्हणाली, चालेल.

त्या एका 'चालेल'मधून
छपरावर पत्रे आले,
आईचा गुडघा झाला, रोनेलचे पुढचे चार दात,
आणि ऑर्विनची दारू सोडवायचे नव्वद दिवस,
ज्यातले त्यानं एकतीस पाळले.
हिशेब सांगतोय. तक्रार नाही.

ती आता काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरप्लेटा देते.
खिडकीमागे. बसून.
माझ्या उजव्या कानात यंत्र आहे,
वरचे सूर त्यातून पत्र्यासारखे येतात.

गेल्या ऑक्टोबरात टायरवाल्याकडे
आम्ही दोघं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो
आणि रेडिओवर ते लागलं,
त्या मोठ्या बाईच्या आवाजात, व्हायोलिनं लावून.
टायरवाला पोरगा जॅक चढवत गुणगुणत होता, सगळं पाठ.
रोनेल कॅलेंडरकडे बघत होती.
मी सवयीनं तिच्या मानेकडे.

ओळ जवळ आली तशी
कानाखालची शीर उभी राहिली,
गळा एकदा हलला,
चार अक्षरांपुरता.
आवाज नाही आला. यंत्र चालू होतं, मी तपासलं.

बाहेर शेतं कापून होत होती,
गाडीच्या काचेवर बोटानं नाव लिहावं इतकं साचलेलं.
पोरगा हात पुसत आला.
म्हणाला, मागचं उजवं थोडं कमी भरलंय मुद्दाम,
तुमचा रस्ता खडीचा आहे ना.