निचरा : उत्तम

खड्डा मी सकाळी सातला सुरू केला.
उतार तीस टक्के, तोंड उत्तरेला,
उंची सात हजार दोनशे फूट.
फॉर्मवर एवढं आधी लिहायचं असतं,
बाकीचं जमीन सांगते.

नेवाडाच्या या टोकाला जूनमध्येही
घळींच्या सावलीत बर्फ उरलेला असतो, मळका, ठिगळाठिगळांचा.
सेजब्रशच्या बुंध्याला कुदळ लागली
की कडू, औषधी वास हाताला चिकटतो,
आणि रात्री तंबूत उशीलासुद्धा.

वरचे दहा इंच भुसभुशीत.
ओली असताना जवळजवळ काळी,
वाळली की मेंढीच्या पाठीसारखी करडी.
फेस्क्यू गवताची मुळं इतकी दाट
की ढेकूळ उचललं तर केसांना धरल्यासारखं लोंबतं.
त्याखाली माती आवळत जाते.
चिमूटभर थुंकीत भिजवून अंगठ्याने दाबत नेली,
दीड इंचाची पट्टी निघाली, मग तुटली.
चिकण आहे, पण अडून बसणारी नाही.
आम्लाचे थेंब टाकले. फेस आला नाही.
चुना केव्हाच धुऊन गेलेला,
कितीतरी हजार वेळा वितळलेल्या बर्फाबरोबर.

तेवढ्यात मेंढ्या. आधी घंटा, मग धूळ,
मग खेचरावर बेन्यात एचार्त,
ओठात विझलेली सिगारेट.
पिरेनीजमधलं गाव सोडून सत्तेचाळीस साली आलेला.
इंग्रजी मालकाकडून शिकलेला, म्हणजे निम्म्या शिव्याच.
वाकून त्याने खड्ड्यात पाहिलं.
"अजून हातभर खाली लाल लागेल,
मग पिवळा, सडका दगड.
मग फावडं वाजेल."

मी हसले. चार वर्षं मी हेच शिकले होते.

दुपारी एकला लाल लागलं.
तीनला पिवळा दगड, नखाने खरवडला जाणारा.
साडेचारला फावडं वाजलं.

तो तिथेच बसून होता,
चीज कापून सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरत.
तुला कसं ठाऊक, मी विचारलं.
त्याने हनुवटीने अ‍ॅस्पेनची झाडं दाखवली.
पांढऱ्या खोडावर कोरलेली अक्षरं,
झाड वाढलं तशी फुगलेली, काळी पडलेली :
बेल्त्सा, १९६१.
कुत्री होती. काळी. त्यांच्या भाषेत काळीला बेल्त्साच म्हणतात.
अकरा उन्हाळे या कुरणात.

"खडकापर्यंत खणलं," म्हणाला, "कोल्ह्यांपायी."
मग मेंढ्या मोजल्यासारखं करत राहिला.
"रात्री वादळ झालं. मी जागाच.
तिला पाण्यात कसं ठेवायचं?
उजाडल्यावर येऊन बघतो तर तळ कोरडा.
हात लावून पाहिला.
गार होता. पण कोरडा."

फॉर्मवर 'निचरा' या शब्दापुढे सात पर्याय असतात.
तिसऱ्यावर मी खूण केली. पेन्सिल जरा जोरातच दाबली गेली.
पुरावा म्हणून लिहिलं, मुळं तळापर्यंत,
डाग नाहीत, गंज नाही.
आणि तू? असं त्याला विचारलं नाही.
तसा रकाना नव्हता.

त्या हिवाळ्यात मातीचं नाव ठरायचं होतं.
मी बेल्त्सा सुचवलं.
कार्यालयातून कागद परत आला :
या नावाचं ठिकाण नकाशात आढळत नाही.
आता ती माती एका ओढ्याच्या नावाने ओळखली जाते,
जो ऑगस्टमध्ये असतच नाही.

पण त्या संध्याकाळी एवढंच झालं.
खड्डा बुजवला, आधी पिवळं,
मग लाल, मग काळं,
जे जिथलं ते तिथे.
वर गवताच्या ढेपळ्या बसवल्या.
बेन्यातने त्या बुटाने दाबल्या.
खेचरावर चढला, उतरला,
आणि एक कोपरा परत दाबला.