पुरावा क्रमांक नऊ

लेस्टर. कामगार न्यायाधिकरणाची खोली,
रेडिएटर नको इतका तापलेला.
टेबलावर वच्छला शेजवळची वही.
पुढची पानं लेकीची, भूगोल:
निळ्या पेन्सिलीत सोअर नदीचं वळण.
वही उलटी धरली की मागून वच्छला सुरू होते.

मी दुभाषी. आधी मराठीत वाचते, मग इंग्रजीत.
सोमवार. अकरा तास. बाह्या दोनशे दहा. पैसे सहा तासांचे.
मंगळवार. तेच.
बुधवार. फरीदाला चक्कर. मशीन चालूच.
गुरुवार. बर्फ. काच पुसून पाहिला. चार मिनिटं कापली.

मालकाचा वकील म्हणतो, ही तर खासगी रोजनिशी,
इथे मेथीचा भाव आहे, इथे चक्क स्वप्न!
आहे ना.
स्वप्नात आई विचारते, सुई कुणाची, दोरा कुणाचा,
आणि बोट कुणाचं?

शुक्रवारी एकच शब्द: वेठ.
मी अडते.
बिनपगारी काम म्हणावं तर फारच इस्त्रीचं होतं.
हा शब्द आमच्याही घरात होता,
पणजोबांच्या पाठीवर, गावाबाहेर.
विमानात कुणी चढवला नाही त्याला,
तरी आला.

लिपिक स्पेलिंग विचारते.
वच्छला उठते, तिच्याच हातातलं पेन घेते,
देवनागरीत लिहून देते, वर रेघ ओढून, ठळक.

बसताना माझ्या कानात:
वकिलाची बाही उसवलीय गं, सांगू का त्याला?

एवढं मात्र
मी भाषांतरित करत नाही.