आढ सैनिक

दिवसभर मी टॉवेल तपासते,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, ट्यूबलाइटखाली.
सुटलेला धागा, तेलाचा डाग, काठाची ओढ:
बोट आधी थांबतं, डोळा मागून येतो.
दोषाला लाल स्टिकर. माल बाजूला.

रात्री तेच बोट
‘सात दरवाज्यांचं भुयार’ चाचपत बसतं.
चाळीस पानांचं चोपडं, दोन पिना, पुठ्ठ्याचा फासा.
एकानं सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी मरायचं.
साखर पेठेत कुडक्यालांच्या छापखान्यात
तीनदा निघालं,
आणि तिन्हींवर ‘पहिली आवृत्ती’च,
कारण ब्लॉक नवा करायला पैसे पडतात.

म्हणून ओळखायचं ते असं.
दिवा घालवा. पान मागून चाचपा.
अक्षरं टोचली तर खिळ्यांची छपाई,
गुळगुळीत लागलं तर ऑफसेट, म्हणजे तिसरी खेप.
मुखपृष्ठावरच्या राक्षसाच्या रंगावर जाऊ नका,
सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत
कुठलाही जांभळा तपकिरी होतो.
पिना गंजलेल्या असाव्यात.
चकचकीत पिन दिसली की समजा, कुणीतरी हात मारलाय.
किंमत साडेतीन. चार रुपयांचा शिक्का असेल
तर ती दुकानदाराची हाव, छापखान्याची नव्हे.

आणि खोली तेवीस.
तिथं छापलंय: ‘समोर आढ सैनिक उभे आहेत.’
आढ.
ही पहिली खेप, असं सगळे धरून चालतात. मीही चालले.
चूक आधी, दुरुस्ती नंतर,
वीस वर्षं कारखान्यात दुसरं काय बघितलं?
पुण्याचे एक गृहस्थ आढच्या प्रतीला
माझा दोन महिन्यांचा पगार मोजायला तयार आहेत.
आठची प्रत फुकट देते म्हटलं
तर म्हणाले, राहू द्या.

रविवारी विडी घरकुलला गेले.
रामय्या येमूल, खिळे जुळवणारे, ऐंशी पार.
सून मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती,
मला दारातच तंबाखूची शिंक आली.
त्यांनी चोपडं डोळ्यांजवळ नेलंच नाही.
अंगठ्यानं तेविसावी खोली चाचपली आणि हसले.

‘अम्मा, हे दुसरं.
पहिल्याला सगळं बरोबर होतं, मी तीनदा वाचलेलं.
दुसऱ्या खेपेला पोरगं जुळवलेलं पान घेऊन
उंबऱ्यात पडलं. खिळे गटारीत.
सगळे गोळा केले, एक ठ गेला तो गेला.
बाकीचे ठ राठी-कोठारींच्या लग्नपत्रिकेत अडकलेले.
मालक म्हणाले, ढ लाव रे, पोरं काय बघतात?’

पोरं बघतात, मी म्हटलं.
‘बघतात की,’ ते म्हणाले, ‘म्हणून तर तू आलीस.’
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
सून विड्या मोजत होती, तेलुगूत.

म्हणजे बरोबर होतं ते आधी.
मग कुणीतरी उंबऱ्यात पडलं.

घरी येऊन रद्दीतली दहा रुपयांची प्रत काढली,
नापास टॉवेलच्या तुकड्यानं पुसली.
आठ सैनिक. ठचा गोल नीट मिटलेला.
समासात पेन्सिलीनं, कुण्या पोराच्या हातचं:
‘इथं मेलो’, आणि पुढं पाच रेघा.
शेवटची इतकी दाबलेली
की दिवा घालवून मागून बोट फिरवलं
तर खिळ्यांच्याही वर तीच टोचते.

पुण्याला फोन अजून केलेला नाही.